संध्याकाळच्या आत विकणारा माणूस

उत्तमरावांनी आयुष्यात शिळं फूल विकलं नाही. ऐकणाऱ्याला ही तारीफ वाटते, मलाही पूर्वी वाटायची. आता वाटत नाही, कारण त्याच गुणानं त्यांचं वाटोळं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि माझ्या पायरीला लागून त्यांची फुलांची बैठक. लोक माझ्याकडून गेलेल्या माणसाची तसबीर नेतात आणि त्यांच्याकडून तिच्यावर घालायला हार. असा आमचा जोडधंदा. शहराबाहेर उत्तमरावांचं थोडं वावर होतं, विहिरीचं. पहाटे ते आणि त्यांची बायको सत्यवती झेंडू-शेवंती तोडत आणि उजाडताना टोपल्या घेऊन इथं हजर होत. दिवे लागायच्या आत माल संपलाच पाहिजे हा त्यांचा नेम. भाव पडला तर पडला, मिळेल त्या पैशाला देऊन मोकळे. दसऱ्याला दुपारनंतर झेंडू कोसळतो, तेव्हा बाकीचे माळी भाव धरून बसायचे आणि रात्री रस्त्यावर ढीग टाकून जायचे. उत्तमराव तोवर घरी जेवत असायचे. "सकाई थे फूल नाई राहत, भाऊ," ते मला सांगत, "कचरा होते."

दसरा झाला की तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ते मोझरीला जायचे, डोक्यावर दोन टोपल्या घेऊन. फुलं स्वतःच्या वावरातली आणि त्याच पहाटे तोडलेली. एकदा मी गंमतीनं म्हटलं, एवढा त्रास कशाला, तिथंच विकत घ्या की. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग चौपदरी रस्ता आला आणि त्यात वावर गेलं. बैठकीवर आता दुसऱ्यांच्या वावरातली, विकतची फुलं यायला लागली. मोबदला सरकारी बँकेत जमा झाला. लोक म्हणाले, उत्तमराव, तुमी तं शेठ झाले. शेठजींना रात्रंदिवस एकच ध्यास, दुसरं वावर. जवळच्या गावातल्या खुशालरावांना दोन तुकडे विकायचे होते. एक कोरडवाहू आणि एक विहिरीचा. मोबदल्यात कोरडवाहू येत होता, विहिरीच्याला थोडे कमी पडत होते. पाण्याशिवाय झेंडू कसा होणार? उत्तमरावांनी विहिरीच्या तुकड्याचा इसार देऊन टाकला. खरेदी जूनच्या शेवटी ठरली. तोवर कमी पडणारे पैसे उभे करायचे होते, आणि उधार मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

अशात मनोज आला. हा सत्यवतीचा धाकटा भाऊ, अमरावतीला क्लासमध्ये गणित शिकवतो. पोरगा वाईट नाही, पण गणित शिकवणाऱ्याला सगळंच सोडवता येतं असं वाटायला लागतं. त्यानं मेहुण्याच्या मोबाइलवर शेअरचं खातं उघडून दिलं आणि समजावलं, "भाऊजी, लोकसभेचा निकाल येऊन राहिला. हेच सरकार मोठ्या बहुमतानं आलं तं सरकारी बँकांचे शेअर कुठल्या कुठं जाईन."

उत्तमरावांना यातल्या दोनच गोष्टी पटल्या. एक म्हणजे बँक. आपले पैसे जिथं ठेवले ती बँक कधी बुडाली नाही, मग तिचा शेअर कसा बुडेल? आणि दुसरं म्हणजे निकाल. निकाल हा त्यांना दसरा वाटला. सणाच्या आधी माल भरायचा आणि सणाच्या दिवशी काढायचा, हे तर त्यांना आईच्या पोटातून येत होतं. मी म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. ते हसले. "भाऊ, तुमी काचा कापा."

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर अंदाज आले. सरकार दणक्यात येणार असं सगळे ओरडत होते. सोमवारी बाजार उघडला तो उसळूनच, आणि त्या उसळलेल्या भावात उत्तमरावांनी इसार देऊन उरलेले मोबदल्याचे सगळे पैसे त्याच बँकेच्या शेअरात घातले. संध्याकाळपर्यंत भाव आणखी चढला. त्यांनी मला पेढा दिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या टोपलीत थोडी शेवंती उरली आणि त्यांचं लक्षही गेलं नाही.

मंगळवारी निकाल. माझ्या दुकानातला टीव्ही सकाळपासून सुरू होता. आकडे यायला लागले आणि अंदाजाप्रमाणे काही होईना. एकेका राज्यातल्या जागा कमी होत गेल्या, तसा मोबाइलवरचा भाव खाली खाली येत गेला. उत्तमराव पायरीवर बसून एकदा टीव्हीकडे आणि एकदा मोबाइलकडे बघत होते. गिऱ्हाईक हार मागून निघून जात होतं. कुठल्या तरी दूरच्या मतदारसंघात कुणीतरी पडत होतं आणि इथं या माणसाची विहीर बुजत होती. मला संताप आला, पण कोणावर काढावा तेच कळेना.

दुपारी सत्यवती डबा घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं डबा उघडलाच नाही.

"किती गेले?" तिनं विचारलं.

"विहीर गेली. आता कोरडवाहूही चाललं."

"मंग थांबा ना. बँक कुठी पयून चालली?"

मनोजचा फोन आला. तोही घाबरलेला होता, पण म्हणाला, "भाऊजी, हात नका लावू. दोन-चार दिवस जाऊ द्या."

उत्तमरावांनी फोन ठेवला. "याले काय मालूम? दसऱ्याच्या दुपारी पडलेला भाव संध्याकाई कधी वर आला का? इकून टाकतो. सकाई कचरा होईन."

सत्यवतीनं त्यांचा हात धरला. तिच्या गळ्यात सोन्याची पोत होती, ती काढायला लागली. "हे मोडा अन् कमी पडन थे भरा, पन घाई नका करू. थांबा, मी सांगून राहिली."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि सगळे शेअर विकले. दिवसातल्या सगळ्यात पडत्या भावात. हाती आलं त्यात आता कोरडवाहूही बसत नव्हता. मग शांतपणे टोपल्या आवरल्या. इतकी वर्षं पाळलेला नेम त्यांनी त्याही दिवशी पाळला होता.

पुढं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. जागा कमी झाल्या तरी सरकार तेच आलं. बँकही तीच राहिली, काउंटरवर तीच बाई आणि "लिंक नाही" हेच उत्तर. दुसऱ्या दिवसापासून शेअर सावरायला लागला आणि महिनाअखेर बराचसा भाव परत आला. सगळं जागेवर आलं, उत्तमरावांचे पैसे तेवढे आले नाहीत. खुशालराव भला माणूस. त्यानं इसार परत केला आणि दोन्ही तुकडे प्लॉट पाडणाऱ्याला देऊन टाकले. भांडला असता तर बरं झालं असतं. उत्तमरावांना निदान कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

ते दुसऱ्यांच्या वावरातलीच फुलं घेऊन बसत राहिले. हार गुंफताना मध्येच मोबाइल काढायचे, त्या शेअरचा भाव बघायचे आणि परत ठेवायचे. एकही शेअर नव्हता त्यांच्याकडे, तरी बघायचे. "थांबलो असतो," एवढंच म्हणायचे. आधी हे माझ्याशी बोलायचे, नंतर नुसतं फुलांशी. मला ते ऐकवत नसे.

दसरा आला. त्यांनी कधी नव्हे एवढा झेंडू भरला. सकाळी भाव चांगला होता आणि गिऱ्हाइकांची झुंबड होती. उत्तमराव विकेनात.

"आज घाई नाई. चढन अजून," ते म्हणाले.

दुपारी भाव घसरला. शेजारचे माळी मिळेल त्या पैशाला माल काढायला लागले. सत्यवती एकेका टोपलीला हात घालायची आणि ते तिचा हात बाजूला करायचे. मी दुकान सोडून खाली उतरलो, समजावलं, रागावलो. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "काहून असं करून राहिले? फुलं हायत हे. शेअर नाई."

"तवा तूच म्हनलं होतं ना, थांबा?"

 ती माझ्या पायरीवर बसली आणि लोकांदेखत रडली. मीही तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो तर उत्तमराव टोपल्यांवर टाकलेल्या ओल्या बारदानावर पाणी शिंपडत होते. खालून वास यायला लागला होता. रस्त्यावर घंटागाडी उभी होती आणि सत्यवती एकेक टोपली तिच्यात पालथी करत होती. नवरा तिला अडवत नव्हता. शेवटच्या टोपलीपाशी ती आली तेव्हा मात्र त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"एवढी राहू दे," ते म्हणाले. "मोझरीले न्यायची हाये."

सत्यवतीनं त्या काळ्या पडलेल्या, विकतच्या झेंडूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि टोपली सोडून दिली.