इन्सुलिन घेऊन गुमताऱ्यावर

आठ महिन्यांनी मी नाशिकबाहेर पडत होते. इन्सुलिन सुरू झाल्यापासून कुठे जाणंच सोडलं होतं. दोन लग्नं आणि शाळेची सहल, सगळं काही ना काही कारण सांगून टाळलं. वर्गात मुलांना डोंगर-नद्या शिकवायच्या आणि स्वतः घराच्या चार गल्ल्यांत फिरायचं, असं चाललं होतं. शेवटी कॉलेजची मैत्रीण वंदना फोनवर म्हणाली, "शनिवारी ये. रविवारी गुमताऱ्यावर जाऊ." तिचं सासर भिवंडीजवळ शेलारला, गुमतारा हा तिकडचाच एक डोंगरी किल्ला. मी हो म्हणून बसले आणि मग धसका घेतला.

दुपारी बसने मला भिवंडी बायपासवर सोडलं. शेलार अर्ध्या तासावर, तिथे जेवण तयार होतं. वंदनाच्या घरच्यांसमोर सुई काढायची नव्हती, म्हणून मी जवळच्या हॉटेलच्या संडासात उभ्यानेच इन्सुलिन टोचून घेतलं आणि रिक्षात बसले. पर्समध्ये साखर ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ठेवत नसे. साखर जवळ बाळगली की आजार कबूल केल्यासारखं वाटे.

नारपोलीत कंटेनर आडवा झालेला. पाऊण तास रिक्षा जागची हलली नाही. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून लूमचा (यंत्रमागाचा) खडखडाट चाललेला. आधी हात थरथरले, मग घाम सुटला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं पुसट झाली. काय होतंय ते मला कळत होतं: इन्सुलिन घेतलं होतं, जेवण झालं नव्हतं, रक्तातली साखर घसरत होती. मी उतरले आणि सर्वांत जवळच्या कारखान्याच्या दाराशी जाऊन खाली बसले.

बनियनवर कापसाची पांढरी लव बसलेला पन्नाशीचा एक कारागीर बाहेर आला. "दीदी, चक्कर आ रहा है?"

"साखर," एवढंच मी म्हणाले.

तो आत धावला. चहाच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चार चमचे साखर विरघळवली आणि ग्लास माझ्या हातात दिला. "पूरा पियो." मी प्यायले. दहा-पंधरा मिनिटांत पाटी वाचता येऊ लागली. ग्लुकोमीटर लावला, आकडा ठीक होता. मग मला रडू आलं. अनोळखी माणसाच्या दारात, भर दुपारी.

"सुई लेती हो?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "मैं भी. बारा साल से." त्याचं नाव मुश्ताकभाई. जेवणाची सुट्टी झाली होती. त्याने खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं, बनियन वर केलं आणि शेजारच्याशी बोलत बोलतच पोटाला टोचलं. शेजारच्याने घास घेणं थांबवलंही नाही.

"सबके सामने?" मी विचारलं.

"सबको मालूम है, इसीलिए तो ज़िंदा हूँ," तो म्हणाला. "चक्कर आया तो ये लोग शक्कर लेके दौड़ते हैं. छुपाया तो कौन दौड़ेगा?" मग त्याने एक रोटी माझ्यापुढे सरकवली. "इंजेक्शन लिया है ना? अब खा लो."

शेलारला पोचले तेव्हा चार वाजले होते. वंदनाच्या सासूबाईंना झालेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्याच. "अगो बाय, सुई घेवाची हाय त घे की आमच्याम्होरं. आम्ही काय परकी हाव?" त्या संध्याकाळी पानात तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) होतं. पानावर बसून, सगळ्यांसमोर, मी पेन काढलं. माझे कान तापले. सासूबाईंनी एकदा पाहिलं, म्हणाल्या, "दुखतं?" मी म्हटलं, "नाही." "न्हाय ना? मंग जेव." बस, इतकंच. आठ महिने मी या क्षणाला घाबरत होते.

रविवारी दुगाड गावातून चढायला लागलो. निघताना पर्समध्ये साखरेची पुडी, शेंगदाण्याची चिक्की आणि केळी. वाट जंगलातून, उभ्या चढाची. निम्म्यावर साखर तपासली, उतरत होती. "परत जायचं का?" वंदनाने विचारलं. काल याच प्रश्नाला मी मुकाट्याने हो म्हटलं असतं. "नाही," मी म्हणाले, "केळं खाते आणि वीस मिनिटं बसते." बसलो. पुन्हा तपासलं आणि उठलो. शेवटच्या टप्प्यात दगड निसटत होते. दोनदा हातांवर आले, गुडघा खरचटला.

माथ्यावर पोचलो. खाली कापणी झालेली भातखाचरं, पलीकडे भिवंडीच्या गोदामांची पत्र्याची छपरं उन्हात चकाकत होती. मी कंबरेवर हात ठेवून नुसती उभी राहिले. "कसं वाटतंय?" वंदना म्हणाली. "माझ्या पायांनी आले मी इथे," मी म्हणाले.

सोमवारी नाशिकला परतले. आमच्या इमारतीचे तीन जिने कठड्याला धरून, कण्हत चढले. शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "काय गं, शुगर वाढली का?" इतके महिने अंग जरा कुरकुरलं की मी आजाराला दोष देत आले होते. या वेळी दोष त्याचा नव्हता. "नाही काकू," मी म्हणाले, "किल्ला चढून आलेय."