एसीची घरघर

मे १९८६, रविवार सकाळ, नेरूळ. हजर: माझे सासरे, म्हणजे बाबा, माझे यजमान, शेजारचे टेम्पोवाले काका, मूळचे शिरवण्याचे, आणि मी. सासूबाई वर खिडकीत.

सासूबाईंना दमा. दर गुरुवारी बाबा त्यांना आमच्या जुन्या गाडीतून ठाण्याला दवाखान्यात न्यायचे. रबाळ्याला ट्रकांची एवढी धूळ, की काचा लावाव्याच लागत. म्हणून गाडीत नंतर एसी बसवून घेतला होता. तो संक्रांतीपासून घरघरत होता.

"कंप्रेसर गेला. काढून टाकू," यजमान म्हणाले.

कुठलीही वस्तू फेकण्याआधी बिघाड नक्की कुठे नाही ते बघावं, अशी माझी पद्धत. इंजिन सुरू केलं, एसी बंद ठेवला. घरघर होतीच. एसी लावला. ती वाढली नाही. मग इंजिन थांबवून काकांनी एसीचा पट्टा उतरवला आणि पुन्हा सुरू केलं, तर सगळं शांत. म्हणजे दुखणं कंप्रेसरच्या पोटात नव्हतं, पट्ट्याच्या वाटेवर होतं.

बाबा बाजूला उभे. "कसला आवाज? मला तर काही येत नाही. तुम्हाला खर्च काढायची हौस!"

"बाबानु, आमच्या गावापर्यंत जातंय आवाज!" काका हसले.

त्यांनी इंजिन थांबवून पट्टा परत चढवला आणि पुन्हा सुरू केलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या बोल्टवर टेकवलं, मूठ कानाला लावली. "ह्यो बघा चोर. बेरिंग सुकलाय. कंप्रेसर बेस हाय."

"बघू," बाबा पुढे आले. काकांनी मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर दाबली. बाबा दचकलेच.

"अरे, हे तर जातं फिरतंय!"

बाबांनी मूठ बाजूला केली, नुसत्या कानाने ऐकून पाहिलं. परत लावली. दुसऱ्या कानामागे लावून पाहिली. तोवर त्यांचा चेहरा उतरला होता.

"हाच आवाज, बाबा. संक्रांतीपासूनचा," यजमान हळूच म्हणाले.

"काय?" बाबांनी विचारलं.

वरून सासूबाई ओरडल्या, "अहो, चहा टाकू का? तिसऱ्यांदा विचारतेय!"

सोमवारी बेरिंग बदललं. गाडी गुपचूप चालू लागली. पण मागून ट्रकने हॉर्न दिला तर बाबांना कळणार कसं? आणि त्यांना गाडी चालवू नका म्हणावं, तर सासूबाईंना नेणार कोण? यजमानांना गुरुवारी कारखाना, मला गाडी चालवता येत नव्हती.

"तू सांग, तुझं ऐकतात."

"वडील तुमचे."

शेवटी गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"तू कशाला?"

"ठाण्यात काम आहे."

रबाळ्याच्या पुढे हॉर्न वाजला. "बाबा, मागून ट्रक."

"दिसला मला," म्हणत त्यांनी गाडी डावीकडे घेतली.

त्यानंतर दर गुरुवारी मला ठाण्यात काम निघू लागलं. काय काम, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मग एका गुरुवारी, वळणाआधी, समोरच बघत ते म्हणाले, "मागे कुणी आहे का गं?"

कानाचे डॉक्टर त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर बसतात. बाबांना जिना चढून तिकडे न्यायचं मात्र अजून राहिलंय.