ऐंशीच्या काट्यावर

ऐंशीवाले काका कोणालाही माफ करत नसत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसावर लिहिताना 'मनाने फार मोठे होते' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. काकांचं मन मोठं होतंच, आणि त्यात डूख धरून ठेवायला जागाही भरपूर होती. रस्त्यावरच्या एका पंपवाल्याने एकदा मशीनवर शून्य न दाखवताच डिझेल सोडायला सुरुवात केली. त्यानंतर काका त्या पंपावर फक्त टायरमध्ये हवा भरायला थांबत. ती फुकट असते. निघताना मालकाला हात जोडून नमस्कार करत, आणि डिझेल समोरच्या पंपावर, त्याला दिसेल अशा बेताने भरत.

ते आमच्या शिक्षणसंस्थेच्या गाडीचे ड्रायव्हर होते. कॉलेज अमरावतीला, शाखा अकोल्याला. मी फिजिक्स शिकवते. तेव्हा मी नवीन लागले होते, राजापेठेत खोली करून राहत होते, आणि आठवड्यातून दोनदा तास घ्यायला त्यांच्या गाडीतून अकोल्याला जात होते. हायवे कितीही मोकळा असो, काकांच्या गाडीचा काटा ऐंशीच्या पुढे जात नसे. एसटी मागून येऊन हॉर्न देत पुढे जाई, मोटारसायकलवरची पोरं वळून बघत. काकांना त्याचं काही नव्हतं. ऐंशीवाले हे नाव स्टाफरूमने चेष्टेने ठेवलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं घेतलं.

ब्रेक मारणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. दूरवर ट्रक हळू झालेला दिसला की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत आणि गाडी आपोआप मंदावू देत. मूर्तिजापूर आलं हे मला गाडीच्या सुस्त होण्यावरून डोळे मिटूनही कळायचं. "पोरी, डिझेल जाळून गाडी पळवाची आन् मंग ब्रेक मारून तेच डिझेल रस्त्यावर सांडाचं, हे कोन्या शाळेत शिकवतेत?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी गतिज ऊर्जेचा नियम सांगितला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाले, पुस्तकवाल्यालाही कळलं म्हणायचं.

तेव्हापासून दर फेरीला ते मला एक प्रश्न विचारू लागले. टायर थंड असतानाच हवा का मोजायची, पश्चिमेचा वारा सुटला की अकोल्याला जाताना डिझेल जास्त का लागतं, असं काहीबाही. उत्तर त्यांना माहीत असे. मला येतं का, ते बघायचं असे. गावात काचा उघड्या ठेवायच्या, पण हायवेला लागल्यावर बंद करून एसी लावायचा, हा त्यांचा नियम. लोकांना वाटे म्हातारा उगाच एसी जाळतो. जोरात पळणाऱ्या गाडीला उघडी काच एसीपेक्षा महाग पडते, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद घडी करून डॅशबोर्डमध्ये ठेवला. "हवा फुकटची हाये म्हून कोनी तिले भेत नाई," ते म्हणत. "साठले ते संगं चालते, ऐंशीले बोलते, शंभरच्या वर गेलं का भांडते."

ॲव्हरेज काढायची त्यांची रीत म्हणजे एक विधीच होता. टाकी फुल्ल करायची ती त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच जागी उभी करून. नळी थांबली की काका गाडीला कमरेने धक्के देत, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग पुन्हा थोडं डिझेल, पुन्हा धक्के. पंपावरची पोरं कंटाळून जात, पण काका तोंडापर्यंत डिझेल दिसल्याशिवाय झाकण लावत नसत.

अशा माणसाला आमच्या सचिवांनी डिझेलचोर ठरवलं.

झालं असं की संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. सचिवांनी गाडीच्या टपावर कॅरिअर बसवून घेतलं आणि त्यावर समोर तोंड करून चांगला कमरेइतका उंच बोर्ड लावला. बोर्डावर अर्ध्या भागात महोत्सवाचं नाव आणि अर्ध्या भागात सचिवांचा फोटो. मागे डिकीत स्मरणिकांचे गठ्ठे. महोत्सव संपला, पाहुणे जेवून गेले, मांडव निघाला. बोर्ड मात्र राहिला, कारण आपलाच फोटो उतरवा म्हणण्याची सवय सचिवांना नव्हती आणि दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. काकांनी एकदा सरळ सांगितलं, साहेब, बोर्ड लई हवा खाते. सचिवांना तो टोमणा वाटला. त्यातून त्यांना सगळीकडे उशिरा निघून वेळेवर पोचायचं असे, म्हणून ते मागे बसून काकांनाही शंभरच्या वर घ्यायला लावत. गाडीचं ॲव्हरेज सोळावरून बाराच्या खाली आलं.

मीटिंग अध्यक्षांच्या खोलीत झाली. अध्यक्ष म्हातारे, बरे गृहस्थ. त्या गाडीतून नेहमी जाणारी म्हणून मलाही बोलावलं होतं. सचिव म्हणाले की इंजिन गॅरेजमध्ये तपासलं आहे, दोष नाही, म्हणजे डिझेल कोणीतरी काढतंय आणि चावी एकाच माणसाकडे असते. काका म्हणाले, बोर्ड उतरवून बघा. मग अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या. बोर्डानं एवढा फरक पडतो का?"

माझ्या कायम होण्याची फाईल त्या महिन्यात सचिवांच्या टेबलावर होती. सचिव माझ्याकडे बघत होते आणि काकाही. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, समोरचं क्षेत्रफळ वाढलं की आणखी वाढतो, हे मी बारावीच्या पोरांना झोपेतही सांगू शकले असते. मी म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही."

काकांकडून चावी काढून घेतली आणि त्यांना कॉलेजच्या फाटकाशी तासांची घंटा द्यायला बसवलं. गाडी सचिवांच्या भाच्याकडे गेली. मी कायम झाले.

काकांनी आरडाओरडा केला नाही, अर्जही केला नाही. ते स्टुलावर बसून वाट बघत राहिले. भाचा गाडी एकशे दहावर नेणारा, दर दोन मिनिटांनी ब्रेक मारणारा. संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली की काका उठून उभे राहत आणि एकच शब्द विचारत, "किती?" भाचा पहिले काही दिवस हसला. मग तो मान फिरवू लागला, आणि पुढे पुढे तर गाडी मागच्या फाटकाने आणू लागला. तेव्हा काका घंटा सोडून मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. हे मला बघायला आवडायचं, कबूल करते. माझ्या वतीनेही कोणीतरी सूड घेतंय असं वाटायचं. पण मला पाहिलं की ते उठत, "या मॅडम" म्हणत आणि नजर घंटेकडे वळवत. पोरी म्हणणं संपलं होतं. प्रश्नही संपले होते.

आकडा दहावर आला तसं प्रकरण पुन्हा अध्यक्षांकडे गेलं. भाच्याला चोर म्हणता येईना. अध्यक्षांनी काकांना बोलावून विचारलं, तर काकांनी एक फेरी मागितली. बोर्ड काढून, टाकी ते टाकी, अमरावती-अकोला आणि परत. बाजूच्या सीटवर स्वतः सचिवसाहेब आणि आकडे लिहायला मॅडम. तारीखही त्यांनीच सुचवली. त्या दिवशी अकोल्यात अकरा वाजता सचिवांचा सत्कार होता.

नेहमीप्रमाणे सचिव पावणेदहाला आले. तोवर काकांनी बोर्डाला हातही लावला नव्हता. मग सगळ्या स्टाफसमोर त्यांनी एकेक बोल्ट सावकाश काढला आणि बोर्ड सायकल स्टँडमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्मरणिकांचे गठ्ठे उतरवले. टायरची हवा मोजली. पंपावर गाडीला धक्के देऊन टाकी भरली. बडनेरा सोडताना साडेदहा होऊन गेले होते.

काटा ऐंशीवर गेला आणि तिथेच थांबला. सचिव म्हणाले, जरा वाढव. काका म्हणाले, ऐंशी. ट्रक पुढे गेले, एसटी पुढे गेली, वऱ्हाड घेऊन चाललेला एक टेम्पोसुद्धा नाचत पुढे गेला. सचिवांचा फोन वाजत होता आणि ते 'आलोच, आलोच' म्हणत होते. बोरगाव मंजूच्या अलीकडे त्यांनी आवाज खाली आणून विनंती केली, की आजच्या दिवस जाऊ दे. मी मागच्या सीटवर वही घट्ट धरून बसले होते आणि मनातून म्हणत होते, नका वाढवू काका, अजिबात नका वाढवू.

"साहेब," काका रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "चोराले घाई नसते."

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. शाल तिथल्या हेडमास्तरांनी घातली. फोटोग्राफर जेवायला बसला होता.

परत येऊन टाकी भरली तेव्हा ॲव्हरेज साडेसोळा निघालं. पुन्हा मीटिंग झाली. सचिव म्हणाले की थोडा गैरसमज झाला होता. काका म्हणाले, गैरसमज म्हटलं नव्हतं, चोर म्हटलं होतं, तोच शब्द घेऊन बोला. अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली आणि 'मी चोर म्हटलं, ते चुकलं' हे वाक्य सचिवांना पूर्ण उच्चारावं लागलं. अध्यक्षांनी चावी पुढे केली तर काकांनी ती घेतली नाही. रिटायर होईपर्यंत ते घंटाच देत राहिले, मिनिटाचाही फरक न करता.

मी त्या मीटिंगलाही होते. आकडे वाचून दाखवले आणि खाली बसले. माझ्याकडून तेवढंच मागितलं होतं, तेवढंच दिलं.

गेल्या वर्षी काका वारले. मी चांदूर रेल्वेला त्यांच्या घरी भेटायला गेले. ओसरीवर आठ-दहा माणसं बसली होती. काकूंनी मला ओळखलं, चहा दिला, आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे म्हणाल्या, "ते सांगत. सचिवावरचा राग त्या दिवशी गाडीतच निंगून गेला म्हनत. तुमच्यावरचा नाई गेला."

मी विचारलं, का.

"सचिवाले काय कळे? तुमाले मालूम होतं."

मी कप खाली ठेवला. त्या आठ-दहा माणसांसमोर मी म्हणाले की काकांनी डिझेल कधीच चोरलं नव्हतं, गाडी बोर्डामुळे जास्त खात होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि नोकरीसाठी मी बोलले नाही.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "हे तिथं बोलाचं होतं."