चोक काढा

“काढा त्याला! आजच्या आज काढून टाका!”

भाऊसाहेब देशमुख ओसरीवरून ओरडत होते आणि मी त्यांच्या अंगणात मोटारीचं बॉनेट उघडून उभा होतो. काढायचं होतं उस्मानला, त्यांच्या ड्रायव्हरला. आरोप असा, की तो पेट्रोल विकून टाकीत रॉकेल भरतो. म्हणून थंडी पडल्यापासून गाडी सकाळी चालू होत नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची वर्षं ती. माझं गॅरेज जालन्याला, स्टेशनाजवळ. भाऊसाहेब पिंपळगाव रेणुकाईचे. ही जुनी विलायती मोटार त्यांनी गाव सोडून निघालेल्या एका जहागीरदाराकडून घेतलेली. रोज सकाळी गडीमाणसं तिला पारापर्यंत ढकलत नेत. रात्री तिच्यावर गोधडी पडे. नजर लागली म्हणून पुढे बिब्बाही बांधला होता. सुंठीचा काढा पाजायचा तेवढा राहिला होता.

“मिस्त्री, पाहून काय राह्यलास? रॉकेल हाय त्यात,” भाऊसाहेब म्हणाले.

“मला बघू द्या, मंग बोला.” कामात कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं सणकतं.

उस्मान फाटकाशी उभा. तोंड पार उतरलेलं. “मिस्त्री, नोकरी गेली तर जाऊ द्या. पण चोर म्हणून गेलो तर भोकरदनपावेतो कोणी दारात उभं करणार न्हाई.”

मला वाईट वाटलं. टाकीतलं थोडं पेट्रोल पितळी ताटलीत ओतलं. पेट्रोल उडून जातं, रॉकेल असलं तर तेलकट डाग राहतो. ताटली बिलकुल कोरडी झाली.

“रॉकेल न्हाई.”

“मंग दुसरं कायतरी मिसळलं असंल त्यानं!”

प्लग खोलले. ठिणगी बराबर पडत होती, पण प्लग कोरडे ठणठणीत. म्हणजे आत पेट्रोल पोचत नव्हतं. मी एअर क्लीनर उतरवला, कार्बरेटरच्या तोंडावर तळहात दाबला आणि ओरडलो, “उस्मान, मार हँडल!” दोन झटक्यांत गाडी धडधडली.

गार इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. त्यासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बरेटरच्या तोंडाशी पत्र्याची एक चकती असते. ड्रायव्हरपुढचं बटण ओढलं की ती तोंड झाकते. हाच चोक. माझ्या तळहातानं चकतीचं काम केलं होतं. हात बाजूला करून आत पाहिलं, तर चकतीच गायब. स्क्रूची भोकं तेवढी शिल्लक.

“चोक कुठं गेला?”

“काढला की!” भाऊसाहेबांची छाती फुगली. “दसऱ्याला जावई आल्ते. ओव्हरशियर हायेत. म्हणले, सकाळी चोक काढून गाडी चालू करत जा. उस्मान बहिणीच्या लग्नाला गेल्ता, तवा भोकरदनच्या घड्याळजीला बोलावून काढून घेतला. इंग्रजीत चोक म्हंजे घशात अडकल्यागत. आता कशी मोकळा श्वास घेऊन राह्यली!”

दसऱ्याच्या उन्हात चोकाशिवायही गाडी चालू झाली असणार. बटण जागेवरच होतं, म्हणून उस्मानलाही पत्ता लागला नाही. मग थंडी पडली, आणि उस्मान चोर ठरला.

“अहो मालक, काढा म्हंजे ओढा! बटण बाहेर ओढा!”

“मंग ओढा म्हणायचं. काढा काहून म्हणले?”

वहिनीसाहेबांनी देवघरातून चकती आणून दिली. तिला हळदकुंकू लागलं होतं. ते पुसून मी ती बसवली आणि मुक्काम केला, कारण परीक्षा गार इंजिनाचीच घ्यायची होती.

सकाळी थंडी मी म्हणत होती. ढकलायला गडी जमले, बघायला गाव जमलं. उस्माननं बटण ओढलं, सेल्फ मारला. गाडी लगेच चालू! गडी हात चोळत उभे राहिले.

भाऊसाहेब खाकरले. “मी चकती जपून ठेवली म्हणून सापडली. जा उस्मान, तुला माफ केलं.”

उस्मान गाडीतून उतरला. “माफी कशाची, मालक? चार माणसांत चोर म्हणलात. आता चार माणसांतच न्हाई म्हणा.”

भाऊसाहेबांनी गावाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

“बरं बाबा, न्हाई तू चोर. झालं? आता तो विषय काढू नको.”

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला चोक ‘ओढा’ म्हणूनच सांगतो. माणूस फारच मोठा असला, तर ओढून दाखवतो.