धुरपताबाईच्या फोनवरची बटणं

धान रोवण्याच्या दिवसांत धुरपताबाईचा फोन तिच्या गळ्यात असतो, प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीला बांधलेला. झाकणाचा फोन. खाली ठसठशीत बटणं, वर काडेपेटीहून थोडा मोठा पडदा. रायपूरला कामाला असलेल्या तिच्या बंटीनं तो आणून दिला आणि मराठी लिहायचं ॲपही टाकून दिलं. कोणाचाही निरोप उघडला की लगेच त्या ॲपमधून पडद्यावर पुन्हा सगळ्या बटणांचं चित्र उमटायचं. खाली खरी बटणं आणि वर त्यांची तसबीर. निरोप वाचायला जेमतेम एक ओळ उरायची.

"एवढं मोठं चित्र कायले पाहिजे वो?" मी तिची शेजारीण; एकदा विचारलंही होतं.

"राहू दे. बंटीनं बसवून देलं. हात लावला अन् बिघडलं म्हणजे?"

धुरपताबाई आमच्या गावच्या रोवण्याच्या टोलीची म्होरकी. बोलणं मोजकं, लिहिणं त्याहून मोजकं. शेतकऱ्यानं विचारायचं, तिनं "हो" लिहायचं आणि फटकन झाकण लावायचं. झाकण लागलं की बोलणं संपलं. पण तिचा हो म्हणजे हो. तिचा एक नेम आहे: तिच्या भरवशावर कोणी धानाच्या रोपांचे पऱ्हे खोदले, तर त्या शेतावरून तिची टोली मागं फिरत नाही. धानाचं रोप एकदा उपटून पेंढ्या बांधल्या की परत जमिनीत खोचता येत नाही. ते दुसऱ्या बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या वाफ्यात, लागलं तर लागलं, नाहीतर सडलं.

त्या दिवशी माझी सकाळची बुद्धवंदना आटोपली होती. मेणबत्ती अजून जळत होती. दारात धुरपताबाई.

"चष्मा घाल अन् पाह्य बरं. सुमित्रा सकाळपासून फोन करून राहिली, आवाज तुटून राहिला. तिले लिहून दे, आज ईश्वरदासकडे आहो, उद्याचा एक दिवस तुह्याकडे."

सुमित्राबाईची बांधी ठेक्यानं कसायला घेतलेली आहे, चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या अगदी टोकाला. नवरा नाही. ईश्वरदास कालव्याच्या तोंडावरचा मोठा शेतकरी. टोलीला चार दिवसांचं काम एकट्याचं.

मी फोन घेतला. बटणांचं चित्र समोर उभं. लिहायला मला सवय नाही, तिला बारीक अक्षर नीट दिसत नाही. माझा अंगठा एका बटणावर जरा जास्त वेळ टेकला तर एक छोटी यादी आली. मी वाचलं, "मोठं, लहान, नुसती पट्टी."

"लावू नोको हात!"

"अवो, बटणं खाली आहेतच ना! चित्र गेलं तर जाऊ दे." असं म्हणत मी पट्टीवर बोट ठेवलं. चित्र खाली सरकलं, तळाशी दोऱ्याएवढी पट्टी उरली आणि सारा पडदा मोकळा झाला. कालचा निरोप वरपासून दिसला. मी मोठ्यानं वाचू लागले.

"धुरपता, कालव्याचं पाणी उद्या राती बंद करून राहिले. परवा नाही जमत. तू उद्याच ये. येत असशील तरच खोदतो. पऱ्हे खोदू का?"

त्याखाली तिचं उत्तर होतं. "हो. खोद."

तिनं फक्त शेवटची ओळ पाहिली होती.

धुरपताबाई उंबऱ्यावर बसली नाही, पाणी प्यायली नाही. तडक चौकात गेली. मीही मागे गेले. घरात पाय ठरेना. बाया ईश्वरदासच्या ट्रॉलीत चढत होत्या.

"उतरा. सुमित्राकडे जायचं आहे."

"काऊन? रातीतून सपन पडलं का?" अल्का म्हणाली. अल्का तिची भाचेसून. तिला कोणाची भीड नाही. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "आत्याबाई, आता चष्मा तुम्ही नोका लावू, फोनलेच लावून द्या."

कोणीतरी हसलं. ईश्वरदास मोटारसायकलवरून उतरला, तो हसत नव्हता.

"मजाक है क्या धुरपताबाई? माझेबी पऱ्हे खोदून पडले ना!"

"तुमाले हो म्हटलं जी, तिलेबी हो म्हटलं. चूक माही. तुमच्या बांधीत पाणी हटत नाही. पेंढ्या पाण्यात उभ्या ठेवा, उद्या उजाडता येतो. तिचं पाणी राती चाललं. चिखल आवळला की बोट नाही जात त्याच्यात."

"मग उद्या येऊच नोका. चिचगडकडून टोली आणतो मी. पुढच्या सालीबी नोका."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. चार दिवसांची रोजी समोर उभी राहून निघून जात होती.

"ज्याले त्यांच्याकडे जायचं ते जा," धुरपताबाई म्हणाली. "मी टोकाकडे चालली." आणि पदर खोचून ती पायी निघाली. मागे वळून पाहिलं नाही. आधी अल्का ट्रॉलीतून उतरली, पुटपुटत. मग एकेक करून बाकीच्या. दोघी ट्रॉलीतच राहिल्या.

दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं वाचन होतं म्हणून विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर जीभ अडली. खोटं बोलणार नाही. पण न वाचता दिलेला हो, तो कशात धरायचा? उठले, चहाचा डबा घेतला आणि टोकाची वाट धरली.

सुमित्राबाई धुऱ्यावर उभी राहून बांधीत पेंढ्या फेकत होती. "दोन बांध्या झाल्या वो बाई. तिसरी राहिली." कालव्याची नाली पाहिली तर पाणी तळाला लागलेलं. सांगितल्या वेळेआधीच बंद केलं होतं. बांधीतलं पाणी हळूहळू आटत होतं. बाया चहाला आल्या नाहीत. धुरपताबाई सगळ्यांत पुढे, वाकलेली. गळ्यातली पिशवी चिखलाला टेकत होती.

त्यात फोन थरथरला. तिनं अंगठा लुगड्याला पुसला, झाकण उघडलं. ओठ हलत होते.

"कोणाचा?" अल्कानं विचारलं.

"ईश्वरदासचा."

"वरून वाचा आत्याबाई."

"वरूनच वाचून राहिली ना!" आणि तिनं मोठ्यानं वाचलं, अडखळत, एकेक अक्षर. "चिचगडची टोली चार दिवस नाही येत. पेंढ्या पाण्यात ठेवल्या. उद्या येता का? आजच्या खाड्याचे पैसे कापीन. सांगा."

"हो लिहा, हो!" मागून कोणीतरी ओरडलं.

धुरपताबाईनं पडद्याकडे पाहिलं, मग पायाखाली. "खाडा म्हणजे किती, ते विचारल्याबिगर नाही." झाकण लावलं आणि पुन्हा वाकली. "आधी हे. पाणी चाललं."

शेवटची पेंढी सुटली तेव्हा चिखल आवळत आला होता, रोप खोचायला तिला दोन्ही अंगठ्यांनी जोर लावावा लागत होता.