डब्याला लाज वाटते

या गं, अशा जवळ बसा. आधी बोलून घेते, चहा मग. तुम्ही मुली डबे परत पाठवता ते घासूनपुसून, लखलखीत, आणि रिकामे! चमचाभर साखर नव्हती घरात? आमचे समोरचे भाऊ असते ना, तर त्यांनी डबा कानाशी धरून हलवला असता आणि मान हलवत म्हणाले असते, "वहिनी, डब्याला लाज वाटतेय."

पॅरामॅटाला आमची दारं समोरासमोर. भाऊंची बायको नलिनी गेली, तेव्हा मुलगा कालगुर्लीहून आला आणि दोन दिवसांत घर आवरून गेला. खाणीत इंजिनिअर तो, त्याला उपसायची सवय. सगळी भांडी खोक्यात भरून चॅरिटी शॉपला. वाचला एकच स्टीलचा डबा, कारण त्या दिवशी तो माझ्याकडे होता. त्यावर कोरलेलं, 'सौ. नलिनी'. मी तो भरून नेऊन दिला, तर भाऊ ती अक्षरं बोटाने चाचपत दारातच उभे राहिले.

चार दिवसांनी डबा परत आला. आत एक कच्चा बटाटा. मी तो चिरला. भाजी केली.

मग ते चिवडा शिकले आणि सुटलेच. प्लंबर स्पॅनर विसरला, तर तो परत करताना बरोबर चिवड्याची पुडी. लायब्ररीच्या पुस्तकातही पुडी. तिथल्या बाईंचा फोन आला, "पुस्तकात काहीतरी सापडलंय." भाऊ म्हणाले, "नो वरीज, तुमच्यासाठीच आहे."

मुलाने आईबाबांसाठी उत्तरेच्या किनाऱ्यावरची, किंबर्लीची सफर आधीच बुक केली होती. आता भाऊ एकटे जाईनात. शेवटी हे आणि मी, आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघालो. जहाज लहानसं, आणि इतकं हळू की ह्यांनी दोनदा विचारलं, "सुटलं का?" निसर्ग बघायचा म्हणजे एका बगळ्याकडे चाळीस मिनिटं बघायचं आणि कुजबुजायचं. बगळाही कंटाळून उडून जायचा.

आमची गाइड एक नाक सोललेली गोरी पोर. रोज सकाळी बजावायची, "इथून काही घ्यायचं नाही, इथे काही सोडायचं नाही." भाऊ माझ्या कानात म्हणायचे, "समुद्राच्या घरी रिकाम्या हाताने जायचं? काय शिकवण आहे ही!" पहिल्या दिवशी तिने त्यांना आपली दुर्बीण दिली. संध्याकाळी दुर्बीण परत गेली, तिची पिशवी चिवड्याने भरून. दुसऱ्या दिवशी पोरीला प्रत्येक पक्ष्याच्या पोटावर मोहरी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी रबरी होडीतून आम्ही खारफुटीच्या खाडीत शिरलो. भाऊंनी लाइफ जॅकेटखाली तो डबा हाताने दाबून दडवला होता, चिवड्याने भरलेला. आता गाइडला नीट, डब्यातून द्यायचा होता. तेवढ्यात पाण्यातून मगर वर आली, आपल्या सोफ्याएवढी. गाइड म्हणाली, "हात आत ठेवा." आणि भाऊंनी हात जोडले. दोन्ही! कधी नव्हे ते एवढं मोठं दर्शन. डबा सटकला, डुबुक.

झाकण घट्ट होतं म्हणून तो तरंगला, पण ओहोटीचं पाणी त्याला ओढत घेऊन गेलं. थोड्या वेळाने पाणी हटलं आणि डबा चिखलात बसला. मगर सावकाश आली आणि त्याच्या शेजारी ऊन खात पडली.

"तिथे जाता येणार नाही, मेट," गाइड म्हणाली.

"मी थांबतो," भाऊ म्हणाले. "तुम्ही या जाऊन. नलिनी तिथे आहे."

पोरीने कॅप्टनला फोन लावला. काय बोलली ते सगळं नाही कळलं, पण एवढं कळलं की इथे काही सोडून जायचं नाही हा नियम तिचाच होता. झालं! अख्खं जहाज थांबलं. आम्ही परत डेकवर आलो. वीस माणसं दुर्बिणी लावून सबंध दुपार एका डब्याकडे बघत होती. ॲडलेडच्या एक निवृत्त मास्तरीणबाई पक्ष्यांच्या वहीत नोंद करत होत्या, 'डबा, एक. हालचाल नाही.' मगरीने एकदा हनुवटी झाकणावर टेकवली, तर सगळ्यांनी श्वास रोखला. भाऊ कठडा धरून उभे. जेवले नाहीत. एकदाच म्हणाले, "वहिनी, हाही गेला तर घरात तिच्या नावाचं काही उरत नाही हो."

मग भरती आली. डबा हलला, डुलला, उठला. मगर तोंड फिरवून निघून गेली, तिला काय त्याचं. गाइड होडी घेऊन गेली, लांब दांड्याच्या जाळीने तिने डबा उचलला, आणि सगळ्या जहाजाने टाळ्या वाजवल्या. आत चिवडा कुरकुरीत! भाऊंनी तो तिथेच डब्यासकट तिच्या हातात ठेवला.

उतरायच्या दिवशी पोरगी डबा परत घेऊन आली. भाऊंनी सवयीने कानाशी धरून हलवला. आत खसखसलं. उघडला, तर जहाजावरच्या साखरेच्या कागदी पुड्या, गच्च भरलेल्या. तिला कोणी सांगितलं? कोणीच नाही. नुसती बघत होती चार दिवस. नलिनी गेली तेव्हाही न रडलेला माणूस ब्रूमच्या धक्क्यावर बॅगेवर बसून रडला.

गेल्या वर्षी मुलगा त्यांना पंधरा दिवसांसाठी कालगुर्लीला घेऊन गेला. जाताना डबा माझ्याकडे देऊन म्हणाले, "आलो की घेईन. भरून ठेवा." भाऊ तिकडेच वारले. मुलगा फोनवर म्हणाला, "कीप इट, काकू." कीप इट काय? पाळी माझी होती ना द्यायची.

तेव्हापासून भरून ठेवते. कधी शंकरपाळे, कधी शेव. मऊ पडलं की आम्ही दोघं खातो, मी पुन्हा भरते. पण समोरच्या दारात आता दुसरेच लोक राहतात.

म्हणून सांगते, अशा दोन दोन महिने तोंड लपवू नका. लवकर या, आणि जाताना नलिनीचा डबा घेऊन जा. परत आणायला याल तेव्हा आत काहीही असू दे. कच्चा बटाटा असला तरी चालेल.