काचेबाहेरचं ऊन

अल्झायमरचं निदान झाल्यावर माझे सासरे, तात्या, एकदा उसाच्या ट्रॅक्टरांमधून भर रस्त्यानं चालत निघाले. मग आम्ही पडवीला काचा बसवल्या, दाराला कडी लावली. सकाळचं ऊन आत भरपूर यायचं, तिथंच त्यांची खुर्ची. माणूस सुरक्षित आणि ऊनही मिळतं, असा माझा हिशोब. पण तात्या खुर्चीला खिळत चालले. आता हे काही बाहेर पडत नाहीत, असं घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं. मला ते मान्य नव्हतं.

बारामतीच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व अकरा. तीसच्या वर हवं होतं.

“रोज दोन तास उन्हात असतात,” मी म्हणाले.

“उघड्यावर?”

“काचेच्या आत.”

“मग नुसती ऊब मिळते. कामाचा भाग काच अडवते.”

मेंदूशी याचा काय संबंध, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मेंदूत राखणदार पेशी असतात, त्या कचरा उचलतात. या आजारात त्या भडकलेल्याच राहतात आणि चांगल्या पेशींनाही इजा करतात. ड जीवनसत्त्व त्यांना आवरतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. “पण आठवण परत येईल असं मी सांगणार नाही. कमतरता मात्र भरून काढू.”

आठवड्याचा डोस सुरू झाला. मी कडी काढली आणि तात्यांच्या बाह्या दुमडून, हात धरून त्यांना रोज उसाकडं नेऊ लागले.

“सासऱ्याला मिरवाय निगालीस जणू,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

“व्हय, तुमी बी या.”

पुढच्या तपासणीत आकडा चौतीस आला.

त्याच आठवड्यात आमची पाण्याची पाळी होती. नवरा दारं धरत होता, म्हणजे भरलेल्या सरीचं तोंड बुजवून पाणी पुढच्या सरीत सोडत होता. फोनच्या नादात सरी फुटायला आली. तात्यांनी माझा हात सोडला, खोरं उचललं, तोंड बुजवलं, पुढचं फोडलं.

“ऊस लावलाय का भात? कान फोनला आन पानी गावाला.”

“द्या हिकडं तात्या, दमाल,” नवरा म्हणाला.

“हो बाजूला.”

ओळीनं सात सऱ्या त्यांनी भरल्या. नवरा बांधावर नुसता उभा.

डोस, ऊन की चालणं, श्रेय कुणाला किती, हे मला वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं. सऱ्या भरल्या त्याच संध्याकाळी तात्यांना माझं नावही आठवेना, त्यांनी ते मलाच विचारलं. पण दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला तेव्हा ते अंगणात चपला घालून उभे होते.

“चल की,” म्हणाले, “ऊन व्हाया लागलं.”